दहा शेते आणि एक महसूल मंडळ

2025 च्या खरिपापासून महाराष्ट्रातील पीकविम्याची भरपाई मुख्यतः पीककापणी प्रयोगांवर ठरू लागल्यामुळे, यवतमाळ जिल्ह्यातील कापूसकऱ्याचे भवितव्य त्याच्या स्वतःच्या वावरापेक्षा महसूल मंडळातील यदृच्छया निवडलेल्या दहाएक शेतांच्या सरासरीवर अधिक अवलंबून राहिले आहे. या पद्धतीस नावे ठेवणे सोपे आहे. परंतु पूर्वीच्या नजरअंदाज आणेवारीच्या जागी यदृच्छ निवड आणण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी 1940 च्या दशकात घेतलेले परिश्रम विसरता येत नाहीत, आणि पानशांच्या कापूस-पाहणीचे क्षेत्र तर आपले मध्यप्रांत-वऱ्हाडच होते.

दोष आहे तो अंमलबजावणीत. गट क्रमांक चिठ्ठीने निघाला, नैऋत्य कोपऱ्यापासून पावले मोजून तुकडा आखला, तरी कापूस काही गव्हासारखा एका दिवसात कापून मोकळे होण्याचे पीक नव्हे. दिवाळीच्या आगेमागे सुरू झालेली वेचणी पुढे कित्येक आठवडे चालते, आणि प्रत्येक वेचणीस त्याच तुकड्याचा कापूस तोलला गेला नाही, तर कागदावरचे उत्पन्न निरर्थक ठरते. (दूरच्या बरड माळावरील गटाऐवजी सडकेलगतचे शेत ‘सोयीसाठी’ घेण्याचा मोह निराळाच.)

आणि सर्व काही नियमानुसार झाले तरी मोजक्याच शेतांच्या निवडीमुळे येणारा प्रमाद उरतोच. शेताशेतांतील उत्पन्नाची तफावत सरासरीच्या 40 टक्के धरली, तर दहा प्रयोगांच्या सरासरीत सुमारे 13 टक्क्यांची चूक सहज संभवते. ती निम्मी करावयाची तर प्रयोग चाळीस हवेत, आणि तितके कृषी सहायक व तलाठी कोठून आणावेत? त्यापेक्षा वर्धा-पैनगंगेच्या काठची काळी कसदार जमीन आणि मुरमाड बरड यांचे स्वतंत्र स्तर करून प्रयोग वाटले, तर त्याच खर्चात प्रमाद पुष्कळ आटोक्यात येईल.

स्तरांच्या या मागणीपेक्षा दुसरी मागणी अधिक महत्त्वाची आहे. उंबरठा उत्पन्न (ज्याच्या खाली सरासरी गेली की भरपाई मिळते) आणि प्रयोगाचे सरासरी उत्पन्न यांतील अंतर संभाव्य प्रमादाहून कमी असेल, तेथे संशयाचा फायदा विमा कंपनीस न देता शेतकऱ्यास द्यावा, आणि निवडलेले गट, प्रत्येक वेचणीचे वजन व त्या प्रमादाचा आकडा चावडीवर लावावा.