मातेचे ताट, बाळाचे बळ
भुदरगडची तालुका कचेरी आणि १९५२ पासून मौनी विद्यापीठ ज्या गारगोटीत आहे, तेथेही पथ्याच्या नावाखाली बाळंतिणीच्या ताटातून पालेभाजी हद्दपार व्हावी, ही बाब किरकोळ नव्हे. कारण दुधातील ‘अ’ जीवनसत्त्व मातेच्या आहारावर व तिच्या यकृतातील संचयावर अवलंबून असते, आणि ते उणे पडले की आतड्यांचे व श्वासमार्गाचे अस्तर दुर्बल होऊन हगवण व गोवर बाळाला जेरीस आणतात. हे सत्त्व ज्यात विपुल, ते चिकाचे दूध फेकणे तर निव्वळ नासाडी! नऊ महिने पूर्ण होताच गोवराच्या लसीबरोबर मिळणारी १ लाख एककांची मात्रा अवश्य द्यावी. परंतु तत्पूर्वीची सारी भिस्त आईवरच. सबब सासूबाईंनी सुनेच्या ताटात शेवग्याचा पाला नि:शंक वाढावा, ही विनंती.