शिध्याचा हिशेब

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांवर संशोधन करणारे केंद्र सुरू झाले. आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद आणि मद्रास सरकार या चौघांनी मिळून ते उभे केले होते. डॉ. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक सरळ प्रश्न हाती घेतला. एक रुग्ण सॅनेटोरियममध्ये खाटेवर, चांगल्या जेवणावर, परिचारिकांच्या नजरेखाली. दुसरा शहरातल्या दाटीच्या वस्तीत, स्वतःच्या घरी, मिळेल ते खाऊन तीच औषधे घेणारा. वर्षभरानंतर दोघांच्या बरे होण्यात किती फरक पडतो? फारसा पडत नाही, असे उत्तर आले. रुग्ण लाखांनी आणि खाटा मूठभर अशा देशाला यापेक्षा मोठा दिलासा दुसरा नव्हता. १९६२ पासूनचा राष्ट्रीय कार्यक्रम घरच्या उपचारांवर उभा राहिला तो याच निष्कर्षाच्या बळावर. आज तालुक्याच्या गावी बसून आपण जे काम करतो, त्याचे मूळही तिथेच आहे.

पण त्या अभ्यासातून निघालेले आणखी एक वाक्य आपल्या अंगवळणी पडले: औषध नीट दिले की आहाराचे फारसे काही नाही. फॉक्स यांच्या गटाने मुख्यतः मोजले होते ते थुंकीतले जंतू आणि छातीची छायाचित्रे. रुग्ण घरी राहिल्याने घरच्यांना जास्त लागण होते का, हेही त्यांनी पाहिले. घरच्यांच्या पोटात काय जाते आणि त्यावर त्यांचा आजार किती अवलंबून असतो, हा प्रश्न त्यांनी घेतला नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, हे आपणच ठरवून टाकले, आणि त्यावर साठ वर्षे कार्यक्रम चालवला. याचा दोष मद्रासच्या शास्त्रज्ञांना देता येणार नाही.

त्याआधीचे दाखले होते. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या पॅपवर्थ गावात १९१८ पासून क्षयरुग्णांना कुटुंबासह वसवले जात असे. घर, काम आणि पोटभर जेवण तिथे मिळे. रुग्ण आईबापांबरोबर राहणाऱ्या मुलांना जंतूंची लागण होत होती, पण आजार क्वचितच होत होता. औषधे आली आणि पॅपवर्थ विस्मरणात गेले. डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्या नोंदी पुन्हा उघडल्या. त्याला कारण होते. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यात त्यांनी जे रुग्ण पाहिले होते, त्यांची वजने बघून कोणीही जुनी दप्तरे चाळायला बसला असता. १,६९५ प्रौढ रुग्णांचा तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळी पुरुषांचे मध्यक वजन ४२.१ किलो, बायकांचे ३४.१ किलो. बीएमआय अनुक्रमे १६ आणि १५. आपल्याकडे सातवी-आठवीतली चांगली खातीपिती मुलगी याहून जड भरते.

३४ किलोची बाई समोर बसली की औषधाचा डबा कोणत्या वजनपट्ट्यातला, याचा हिशेब आपण लगेच करतो: २५ ते ३४ किलो, दोन गोळ्या. ती ३४ किलोची का आहे, हा प्रश्न पुढच्या रांगेकडे बघून आपण गिळतो. तो विचारण्याची जबाबदारी कोणाची, हेही कुठल्या रकान्यात लिहिलेले नसते.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी राष्ट्रीय कार्यक्रमाच्या सोबतीने केलेल्या ‘रेशन्स’ चाचणीने हाच प्रश्न मोजमापात आणला. ऑगस्ट २०१९ ते जानेवारी २०२१ या काळात फुप्फुसाच्या क्षयाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे तिच्यात आली, बहुसंख्य आदिवासी. पाच रुग्णांपैकी चार कुपोषित होते, जवळजवळ निम्मे अतिकुपोषित. प्रत्येक रुग्णाला महिन्याला दहा किलोचा शिधा मिळाला. दिवसाला सुमारे १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने बसतील एवढा. गट पाडले ते घरच्यांचे. एका गटात रुग्णाच्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या. दुसऱ्या गटात घरच्यांना वेगळे काही नाही. मधल्या काळात टाळेबंदी आली, तरी पाठपुरावा जुलै २०२२ पर्यंत चालला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयात तर ४८ टक्क्यांनी. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०२३ साली आले. डाळतांदळाने लसीच्या तोडीचे काम केलेले वैद्यकशास्त्राने वारंवार पाहिलेले नाही.

त्याच चाचणीतली रुग्णांची आकडेवारी आपल्या रोजच्या कामाला अधिक जवळची आहे. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. इथे थोडे जपून बोलायला हवे. वजन वाढले म्हणून माणूस वाचला, की आजार उतरणीला लागला म्हणून वजन वाढले, हे अशा नोंदींतून पूर्ण वेगळे काढता येत नाही. पण कार्यकर्त्याच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच निघतो: दुसऱ्या महिन्यात ज्याचे वजन जागचे हलले नाही, त्याच्या घरी उद्याच जायला हवे.

आता आपल्या वजनकाट्याकडे या. बहुतेक ठिकाणी तो दाराच्या आड, फरशीच्या उंचसखल कोपऱ्यात असतो. काटा शून्यावर आहे का, हे बघायची सवय गेलेली. चपला पायात, खांद्यावर पिशवी, आणि मागे रांग. मग उपचार पत्रिकेवर ४१, ४१, ४१ असे महिने उतरत जातात, कारण मागचा आकडा समोर दिसतो आणि हात तोच लिहितो. उंची तर एकदाही घेतलेली नसते, मग बीएमआय कुठून येणार? हे कोण्या एका केंद्राचे गाऱ्हाणे नाही, आणि आशाताईंच्या माथी मारण्याचे तर मुळीच नाही. ज्या आकड्याचे पुढे काही होत नाही, तो आकडा कोणीच मन लावून घेत नाही. आता मात्र त्याचे पुढे काहीतरी होते. ऑक्टोबर २०२४ च्या घोषणेनुसार बीएमआय १८.५ पेक्षा कमी असलेल्या रुग्णाला पहिले दोन महिने ऊर्जादाट पूरक आहार द्यायचा आहे, म्हणजे वजन-उंची चुकली की हक्क चुकला. निक्षय पोषण योजनेचे २०१८ पासूनचे महिना ५०० रुपये १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, आणि घरच्यांना निक्षय मित्र म्हणवणाऱ्या दात्यांच्या शिध्यात सामावून घेण्याचे ठरले. कागदावर रेशन्सचा निष्कर्ष धोरणात उतरला आहे. एवढ्या लवकर हे क्वचितच घडते, त्याचे श्रेय द्यायला हवे.

तरी दोन गोष्टी खटकतात. रुग्णाला रोख आणि घरच्यांना दात्याच्या मर्जीवरची पिशवी, अशी ही वाटणी आहे. चाचणीत तपासले गेले ते ठरलेल्या वजनाचे, दर महिन्याला न चुकता घरी आलेले धान्य. रोख रकमेशी त्याची तुलना झालेलीच नाही. तेव्हा हजार रुपयांनीही तेच साधेल असे म्हणायला आज आधार नाही. आणि एकट्या रुग्णापुरता दिलेला शिधा त्याच्या ताटात राहत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. कोणती आई दूध पावडरचा डबा मुलांपासून लपवून ठेवील? घरच्यांना वेगळे मिळाले तरच रुग्णाचे रुग्णाला मिळते. दात्याला दात्याच्या सोयीने पिशवी द्यायला सांगून महिन्याचा नेम कसा पाळायचा, हे कोणी सांगितलेले नाही. खर्चाची सबब फार टिकत नाही: झारखंडमध्ये अन्नाचा खर्च रुग्णामागे महिन्याला सुमारे १३ डॉलर आणि घरच्या माणसामागे सुमारे ४ डॉलर आला होता.

दुसरी गोष्ट संशोधनाच्या नीतीची. उपाशी कुटुंबांचे दोन गट पाडून एकाला धान्य द्यायचे आणि एकाला नाही, हे ऐकताना घशात अडकते. संशोधकांच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. दोन्ही गटांतल्या रुग्णांना शिधा मिळाला, आणि घरच्यांना धान्य देण्याची पद्धत त्या वेळी राष्ट्रीय कार्यक्रमात नव्हती, त्यामुळे कोणाच्या तोंडचे काही काढून घेतले गेले नाही. मला हा युक्तिवाद पटतो, पण आता त्याची मुदत संपली आहे. जे सिद्ध झाले तेच पुन्हा नंदुरबारमध्ये, गडचिरोलीत, मेळघाटात नियंत्रण गट ठेवून सिद्ध करण्याचे प्रस्ताव आले, तर नीतिसमितीने ते परत पाठवावेत. आदिवासी गावांत रक्त, थुंकी आणि दंडाचा घेर मोजून नेणारे पुष्कळ आले. आता मोजायचे असेल तर शिधा पोचतो का, किती उशिरा पोचतो, कोणाच्या घरी पोचत नाही, हे मोजा.

महाराष्ट्रात या शेवटच्या प्रश्नाचे एक उत्तर सगळ्यांना माहीत आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या जोड्या मुकादमाकडून उचल घेऊन बाहेर पडतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. सहा महिन्यांचा उपचार म्हणजे जवळजवळ एक गळीत हंगाम. रुग्णाची नोंद गावच्या केंद्रात, बँक खाते गावच्या शाखेत, पिशवी देणारा निक्षय मित्र तालुक्याला, आणि कोयता सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर. औषधासाठी आपण निक्षयवर ट्रान्सफर करतो, तेही फोन लागला तर. शिध्याची बदली करण्याची सोय तिथे दिसत नाही. आणि ‘घरातली माणसे’ म्हणजे कोण? गावाकडे राहिलेले आजी-आजोबा, की कोपीत शेजारी झोपणारी दुसरी जोडी? संपर्कातल्यांची यादी गावात बसून केली तर कोपीतले सुटतात, आणि प्रतिबंधक उपचारही त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात काम करणाऱ्या एसटीएस आणि टीबीएचव्ही वाचकांना यासाठी एक विनंती आहे. येत्या हंगामात तुमच्या हद्दीत आलेल्या प्रत्येक स्थलांतरित क्षयरुग्णाची तीन वजने आम्हाला कळवा: उपचार सुरू होतानाचे, दुसऱ्या महिन्याचे आणि शेवटचे. सोबत उंची, कोपीत किती माणसे, आणि त्या काळात शिधा किंवा रक्कम हातात कधी पडली त्या तारखा. नाव, गाव, निक्षय क्रमांक काही नको, आणि पाठवण्यापूर्वी आपल्या जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांची परवानगी घ्या. वजन घेताना चपला काढायला सांगा. शिधा मिळालाच नसेल तर रकाना कोरा सोडू नका, ‘मिळाला नाही’ असे लिहा. आलेले तक्ते हंगाम संपल्यावरच्या अंकात जसेच्या तसे छापू.