पेटी उघडून दाखवा, बॉस!

मोबाइल घेताना आपण काय शहाणे असतो ना! दहा रिव्ह्यू वाचतो, चार मित्रांचं डोकं खातो, कॅमेरा-बॅटरी-मेमरी सगळं तोंडपाठ. पण हाताने बनवलेली एखादी वस्तू घ्यायची म्हटली की आपली दांडी गुल. तिथे मॉडेल नंबर नाही, स्टार रेटिंग नाही. समोर असतो फक्त एक कारागीर आणि तो जे सांगतो ते. मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?

हा प्रश्न माझ्याकडे आला तो पेटीच्या रूपाने. पेटी म्हणजे मुंबईच्या भाईलोकांचे लाख रुपये नव्हेत, मंडळी! पेटी म्हणजे हार्मोनियम. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात चकलांबा हे आमचं गाव. तिथल्या भजनी मंडळाला नवी पेटी घ्यायची होती. काकांचा फोन आला, ‘‘तू पेपरात लिहितीस ना? मग एक भरवशाचा माणूस बघ.’’ आता मास कॉमच्या डिग्रीला पेटी हा विषय नव्हता, हे काकांना कोण सांगणार?

हसण्यावारी नेता येईल असं हे काम नव्हतं. पैसे वर्गणीचे. त्यातले काही तर ऊसतोडीला निघण्याआधी मिळालेल्या उचलीतून बाजूला काढलेले. आणि मंडळ आधी एकदा पोळलेलं होतं. जुनी पेटी शहरातल्या एका दुकानात दुरुस्तीला दिली होती. (दुकानाचं नाव राहू दे.) ती परत आली ती नव्या पॉलिशने चकचकीत होऊन, पण आवाज पार बदललेला. आतले जुने स्वर काढून भलतेच बसवले, अशी मंडळाची पक्की खात्री आहे. सिद्ध कसं करणार? आतला माल आधी कोणी पाहिलाच नव्हता!

सगळी मेख इथेच आहे. पेटी आपण बाहेरून बघतो आणि ती वाजते आतून.

पेटीच्या आत असतात रीड. पेटीवाले त्यांना ‘स्वर’च म्हणतात. पितळेच्या पट्टीत एक चिंचोळी खाच आणि तिच्यावर एका टोकाला पक्की बसवलेली पातळ जीभ. हवा गेली की जीभ थरथरते, सूर निघतो. ४२ पट्ट्यांची, दुहेरी स्वरांची पेटी घेतलीत तर अशा ८४ जिभा झाल्या. त्या सुरात आणायच्या त्या घासून. टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो. घासलेलं पितळ पुन्हा चिकटवता येत नाही, त्यामुळे घाईच्या हाताखाली चांगला स्वर कायमचा वाया जातो. म्हणजे सगळा खेळ हाताचाच.

या वाद्याचा प्रवासही भन्नाट आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते पायाने भाता हाणायचं वाद्य होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची पेटी घडवली आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांची सोय झाली. आकाशवाणीने १९४० पासून साधारण तीन दशकं पेटीला दाराबाहेर ठेवलं, कारण तिच्यातून मींड निघत नाही आणि श्रुतीही नेमक्या लागत नाहीत. पण गावच्या देवळातून तिला कोण हाकलणार? उलट आमच्या मराठवाड्यानेच अप्पा जळगावकरांसारखा (१९२२-२००९) पेटीचा बादशहा दिला.

गंमत म्हणजे हीच गोष्ट पार अमेरिकेत, लुइझियानामध्येही घडलेली आहे. तिथल्या केजन लोकांचा जीव छोट्या अकॉर्डियनवर. त्यातही रीडच, म्हणजे आपल्या पेटीचा चुलतभाऊच म्हणा. हा बाजा आधी जर्मनीहून यायचा. दुसऱ्या महायुद्धाने ती वाट बंद केली. मग लेक चार्ल्स गावचे सिडनी ब्राऊन स्वतःच अकॉर्डियन बनवू लागले. पुढे युनिस गावात मार्क सॅव्हॉय यांनी १९६६ मध्ये दुकान थाटलं. ते नुसते कारागीर नाहीत, स्वतः नावाजलेले वादकही आहेत. कंपनीचा शिक्का गेला की माणसाचं नाव हाच शिक्का होतो, तो असा.

आपल्याकडे मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिथे निदान गावाचं नाव तुमच्या बाजूने बोलतं. पेटीचं काय? लाकूड एकीकडचं, स्वर दुसरीकडचे, जोडणी तिसरीकडची. म्हणून मी तीन पेटीवाल्यांकडे गेले, जाणकार वादकांचे कान खाल्ले आणि त्यातून हे फंडे गोळा केले. लिहून ठेवा.

फंडा एक : ‘उघडून दाखवता का?’ हा पहिला प्रश्न. खरा कारागीर लगेच झाकण काढतो. तो सांगतो की हे स्वर इथले, हे लाकूड अमुक. ‘‘तुम्हाला काय कळणार त्यातलं’’ असं उत्तर आलं की चप्पल घालायची आणि निघायचं.

फंडा दोन : स्वर कुठले ते विचारा. गुजरातमधल्या भावनगर जिल्ह्यातलं पालिताना हे रीडसाठी प्रसिद्ध गाव. ‘पालितान्याचे आहेत’ असं सरळ सांगणारा बरा. ‘ओरिजिनल जर्मन’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न टाका, की कुठल्या जुन्या पेटीतून काढले? उत्तर देताना तो अडखळला तर समजून जा.

फंडा तीन : भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता सोडून द्या. भाता झपकन बसला किंवा कुठून सूं सूं आवाज आला तर हवा गळतेय. वाजवणाऱ्याचा हात तासाभरात भरून येणार.

फंडा चार : हळू वाजवा. दुकानात सगळे जोरात वाजवून दाखवतात, जोरात काय, सगळंच छान वाटतं! अगदी थोड्या हवेवर एकेक पट्टी दाबत जा. खर्जाचा स्वर उशिरा बोलतोय का? दोन स्वर एकत्र सोडल्यावर आवाज लाटेसारखा वर-खाली हेलकावतोय का? तसं असेल तर जोडी नीट लागलेली नाही. स्वतःला कळत नसेल तर वाजवणाऱ्याला बरोबर न्या. लाज कसली त्यात?

फंडा पाच : नवी नाही, जुनी पेटी बघायला मागा. त्याने पाच वर्षांपूर्वी विकलेली पेटी आज कशी वाजते? नवी कोणाचीही गोड वाजते हो. जुन्या गिऱ्हाइकाकडे बिनधास्त पाठवणारा माणूस सहसा लपवाछपवी करत नाही.

फंडा सहा : सगळं पावतीवर. किती पट्ट्या, कुठले स्वर, कुठलं लाकूड, कधी देणार. पूर्ण पैसे आधी द्यायचे नाहीत. हा नियम फ्लॅटला लागू, तसाच पेटीलाही.

आता निकाल ऐका. पहिल्याने झाकणच काढलं नाही. दुसऱ्याने काढलं, पण स्वरांचं विचारताच गाडी थेट जर्मनीला नेली. तिसऱ्याकडे जाताना काकाही बरोबर होते. त्यांना हवी होती स्केल चेंजर. एक खटका सरकवला की सगळ्या पट्ट्या सरकतात आणि त्याच बोटांनी काळी दोनची काळी चार होते. सॉलिड प्रकार! किंमतही तशीच सॉलिड. त्या कारागिराने विचारलं, ‘‘काका, बिघडली तर गावात दुरुस्त कोण करणार?’’ काका गप्प. ‘‘मग साधी घ्या. चेंजरमध्ये भाग जास्त, वजन जास्त. तुमचा वाजवणारा सगळ्या पट्ट्यांत वाजवतो ना? मग चेंजरचं ओझं कशाला?’’

महागडी वस्तू गिऱ्हाइकाने मागितली आणि दुकानदाराने ती नको म्हणून सांगितलं, असं तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? मी तरी मॉलमध्ये पाहिलेलं नाही. भरवशाचा माणूस तुमच्या खिशाआधी तुमचं गाव विचारतो.

मग त्याने दोन अटी घातल्या. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, नवे स्वरही जरा हलतात, म्हणून वर्षाने पेटी त्याच्याकडेच आणायची, मधे दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. आणि येताना वाजवणाऱ्यालाही आणायचं, कारण त्याचा हात बघितल्याशिवाय तो सूर लावत नाही.

काकांनी ॲडव्हान्स मोजला. पावतीवर नाव लिहिलं गेलं : भजनी मंडळ, चकलांबा. खाली कारागिराने न सांगता एक ओळ वाढवली, ‘स्वर पालिताना, एकूण ८४, गिऱ्हाइकासमोर मोजून.’