निपाणीच्या बायांचा माहितीपट बर्लिननं जपला, आमच्या मुलांनी शिकायचं कुठं?

मा. माहिती व प्रसारण मंत्री, भारत सरकार यांस,

महोदय,

१९८२ साली युगांतर या स्त्रीवादी गटानं निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या कामगार बायांवर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. दिग्दर्शन दीपा धनराज यांचं, कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा. तोंडाला पदर बांधून, ठसका गिळत तंबाखू चाळणाऱ्या या बाया संघटनेची गोष्ट स्वतःच सांगतात, आमच्याच मराठीत. पुढं हा माहितीपट जतन केला बर्लिनच्या आर्सेनल संस्थेनं. मग तुमचं खातं कशासाठी आहे?

हिशेबच मांडतो. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० ची. साठाहून अधिक वर्षं झाली. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, सगळ्यांना स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम. माहितीपट मात्र दिग्दर्शनाच्या पोटातला एक स्वाध्याय. माहितीपट बनवणारी १९४८ ची फिल्म्स डिव्हिजन तुमचीच होती. २०२० च्या डिसेंबरात मंत्रिमंडळानं ठरवलं आणि २०२२ च्या मार्चअखेर ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. ७४ वर्षांचं घर मोडलं, पण मराठीतून माहितीपट शिकवणारं एकही नवं घर बांधलं नाही. दिल्लीत जामिया विद्यापीठ आहे, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट आहे, पण तिथं मराठीतून शिकता येत नाही. सीमाभागातल्या आमच्या चिकोडी तालुक्यात मराठी शाळेत शिकलेल्या मुलीनं काय करायचं?

आमच्या सदलग्यात दूधगंगेला २०१९ साली महापूर आला, २०२१ ला पुन्हा आला. पोरांनी मोबाइलवर ढीगभर चित्रण केलं, ते फोनमध्येच पडून राहिलं. घरातला गाळ उपसणाऱ्या म्हातारीसमोर कॅमेरा कधी धरायचा आणि कधी खाली ठेवायचा, तिची परवानगी कशी मागायची, तासन्‌तासांच्या चित्रणातून अर्ध्या तासाची गोष्ट कशी उभी करायची, हे शिकवल्याशिवाय येत नाही. ही पोरं हुशार आहेत. त्यांना गुरू द्यायला तुम्ही कमी पडलात, आणि याचा मला संताप आहे.

पुण्याच्या संस्थेत माहितीपटाचा दोन वर्षांचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करा. प्रवेश परीक्षा मराठीतून देता आली पाहिजे. सीमाभागातल्या मुलांना शिष्यवृत्ती द्या, आणि निपाणीच्या त्या माहितीपटाची प्रत आणून आधी निपाणीत दाखवा. त्या वखारीत राबलेल्या बाया आता म्हाताऱ्या झाल्यात, त्यांच्या हयातीत हे झालं पाहिजे.

आपला,
सदलग्यातील एक शिक्षक,
ता. चिकोडी, जि. बेळगाव