सात सीटची गाडी आणि एक दिवा

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही सोलापूरहून उमरग्याला एका निकाहसाठी निघालो होतो. धाकट्या भावाची जुनी सात सीटची गाडी, आत आम्ही नऊ जण, वर कॅरिअरवर दोन पेट्या आणि गाद्यांचं बोचकं. नळदुर्ग मागे पडलं आणि अचानक एक कुत्रं आडवं आलं. भावाने स्टिअरिंग डावीकडे कापलं. कुत्रं वाचलं. मग गाडी रस्त्यावर परत आणायला त्याने उजवीकडे कापलं, आणि त्या दुसऱ्या झटक्याला गाडीचा मागचा भाग सुटला. अर्धी गिरकी घेऊन गाडी कडेच्या मातीत उलट तोंड करून थांबली. मागून ट्रक येत नव्हता, म्हणून आज हे लिहिते आहे.

खालाचं मनगट मोडलं, बाकी सगळे सुखरूप. वलीम्यापर्यंत चर्चा एकच: कुत्रं कुठून आलं, नजर कोणाची लागली, भाई किती वेगात होता. गाडीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गाडीतलं मला काही कळत नव्हतं. पण ती गिरकी डोक्यातून जाईना, म्हणून वाचत गेले आणि थेट स्वीडनला पोचले. तिकडे रस्त्यावर कुत्र्याऐवजी मूस आडवा येतो, घोड्याहून उंच असं हरीण. म्हणून तिथले मोटार-पत्रकार नव्या गाडीची एक परीक्षा घेतात: एकदम एका बाजूला कापायचं आणि लगेच परत आपल्या लेनमध्ये यायचं. नळदुर्गजवळ आमच्या भाईने दिली तीच परीक्षा. ऑक्टोबर १९९७ मध्ये मर्सिडीजची ए-क्लास ही नवी, छोटी, उंच बांध्याची फॅमिली गाडी या परीक्षेत चक्क उलटली. जगभर बोभाटा झाला. कंपनीने गाड्या देणं थांबवलं, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवलं. हेच ईएसपी १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने पहिल्यांदा आणलं, तेव्हा ते एस-क्लाससारख्या श्रीमंतांच्या गाडीत होतं. अब्रू गेल्यावर दोन वर्षांत तीच वस्तू सर्वात छोट्या गाडीला परवडू लागली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता ही वस्तू करते काय? सर्वसाधारण नाव ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. पुष्कळ वाचूनही मला ते नीट कळलं नव्हतं, कळलं ते मामूंच्या ट्रॅक्टरमुळे. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. शेताच्या बांधाशी मामू एकाच बाजूचा ब्रेक दाबतात आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. एकच चाक अडवलं की गाडीचं तोंड फिरतं. आपल्या मोटारीत मात्र पेडल एकच, ते चारही चाकांना लागतं. कितीही पट्टीचा ड्रायव्हर असो, एकाच चाकाला ब्रेक लावणं त्याच्या पायाला शक्य नाही. ईएससीला ते शक्य आहे. स्टिअरिंग किती फिरवलंय, प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय आणि गाडी स्वतःभोवती किती वळतेय, हे सेन्सर सतत पाहत असतात. ड्रायव्हरला जायचंय एकीकडे आणि गाडी चाललीय दुसरीकडे, असं दिसलं की यंत्रणा नेमक्या चाकाला ब्रेक लावते आणि गरज पडली तर इंजिनाचा जोरही कमी करते. आमच्या गाडीचं शेपूट डावीकडे निसटत होतं. तेव्हा पुढच्या डाव्या चाकाला क्षणभर ब्रेक लागला असता, तर तोंड पुन्हा सरळ झालं असतं. माणूस 'या अल्लाह' म्हणेपर्यंत हे काम झालेलं असतं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अभ्यासानुसार, ईएससीमुळे एकट्याच गाडीचा जीवघेणा अपघात होण्याचा धोका जवळपास निम्म्याने कमी होतो. २०१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेत आणि नोव्हेंबर २०१४ पासून युरोपात प्रत्येक नव्या मोटारीत ते सक्तीचं आहे.

आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं झालं. ईएससीला लागणारं बरंचसं सामान, म्हणजे चाकांचे सेन्सर आणि ब्रेकचा दाब सांभाळणारा पंप, एबीएसबरोबर गाडीत आलेलंच असतं. तरीही वर्षानुवर्षं अनेक कंपन्यांनी ईएससी वरच्या व्हेरिएंटसाठी राखून ठेवलं. २०२२ साली किया कॅरेन्स ही मोठ्या कुटुंबाची गाडी सगळ्यात खालच्या व्हेरिएंटपासून ईएससी घेऊन बाजारात आली, म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं. त्यात तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी लागतं. पण ती परीक्षा ऐच्छिक आहे. ज्याला नापास व्हायची भीती, तो परीक्षेला बसणारच नाही. शिक्षिका म्हणून मला असली परीक्षा हास्यास्पद वाटते.

मागच्या वर्षी भाऊ नवी गाडी घ्यायला निघाला, तेव्हा मीही शोरूममध्ये गेले. सेल्समन माझ्याशी बोलतच नव्हता, सगळं भाईला. टचस्क्रीन दाखवली, सनरूफ उघडून दाखवलं. मी विचारलं, ईएससी आहे का? तो म्हणाला, "मॅडम, एबीएस आहे ना." मी म्हटलं, ते वेगळं. मग त्याने मोबाईलमध्ये पाहून सांगितलं की ते वरच्या व्हेरिएंटमध्ये मिळेल, फरक साधारण नव्वद हजारांचा. त्या नव्वद हजारांत सनरूफ, अलॉय व्हील आणि चामडी सीटही होती. नुसतं ईएससी मिळेल का? नाही. जीव वाचवणारी वस्तू हवी असेल तर आधी छताला काच लावून घ्या, असा हा सौदा. यात नावांचा गोंधळ वेगळाच: कोणी ईएसपी म्हणतं, टोयोटा व्हीएससी म्हणते, होंडा व्हीएसए. वस्तू एकच.

आपली कुटुंबं मोठी, म्हणून उंच सात सीटची गाडी लागते. पैसे बेताचे, म्हणून ती बहुधा जुनी किंवा खालच्या व्हेरिएंटची. गाडी उंच, माणसं दोन जास्त, वर कॅरिअरवर ओझं. म्हणजे ज्यांना ईएससीची सर्वात जास्त गरज, त्यांच्याच वाट्याला ते येत नाही. एबीएस जसं एका तारखेपासून सगळ्यांना दिलं तसंच हेही द्यावं, व्हेरिएंट न बघता. काचेवर आम्ही माशाअल्लाह लिहितो, शेजारी लिंबू-मिरची बांधतात. दोघांच्याही गाडीत ते नसतं.

ईएससी म्हणजे जादूही नाही. टायर गुळगुळीत झाले असतील तर ब्रेक कुठल्याही चाकाला लागो, पकड येणार कुठून? मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेल्या खालाचं मनगट त्याने वाचलं असतं की नाही, मला सांगता येणार नाही. आणि ज्यांच्या गाडीत ते आहे, त्यांनाही ते ओळखता येत नाही. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा असतो. ओल्या वळणावर तो लुकलुकला की आमचे एक नातेवाईक म्हणायचे, गाडीत बिघाड आहे. लुकलुकतो म्हणजे यंत्रणा काम करतेय, पाय हलका करा. सतत पेटून राहिला तर मात्र ती बंद आहे किंवा बिघडली आहे.

भावाने शेवटी नवी गाडी घेतलीच नाही. वरच्या व्हेरिएंटची तीन वर्षं वापरलेली गाडी पाहिली. डीलरकडे मी किल्ली फिरवायला लावली: तो पिवळा दिवा आधी पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. पेटलाच नाही तर ईएससी नाही, किंवा कोणीतरी दिवाच काढून टाकलाय. पेटला, विझला. भाई म्हणाला, "आपा, अब तो खुश?" दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या गाडीचं कॅरिअर काढून या गाडीवर बसवलं. त्यावरून आमचं भांडण अजून चालू आहे.