बांध कुणाचा, जीव कुणाचा?



पेण-अलिबागच्या खारपट्टीत ‘खांड गेली’ अशी हाक आली की चुलीवरचा भात तसाच टाकून माणसे बांधाकडे धावत. भरती अडवणारा मातीचा बांध एके जागी फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढे काही पावसाळे त्या जमिनीत भात धड पिकत नाही. हे बांध कष्टकऱ्यांनी चिखल वाहून उभे केले. हक्क मात्र शिलोत्रदाराचा, खोताचा. १९४८ साली आणि नंतर १९७९ साली खारजमिनीचे कायदे झाले. काही बांध सरकारने घेतले, काही अजून खाजगीच आहेत. खाजगी बांधाची डागडुजी ज्याची त्याने करायची!

आता डोंगराच्या अंगालाही असे खाजगी बांध दिसतात. कुणी जमीनवाला ओढा अडवतो, माती टाकतो, तळे करतो. पाणी छान दिसते. पण त्या ओढ्याच्या खालच्या अंगाला कोण राहते? बहुतेक गावांत आपली वस्ती कुठे आहे, हे वाचकांना सांगायला नको.

अशा बांधाला सरकार धोक्याचा म्हणते का? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरचे धरण असेल तर लांबी, साठा वगैरेंच्या अटी बघतात. यादीतल्या धरणाचे मात्र, ते फुटले तर खाली किती हानी होईल, यावरून वर्गीकरण करायचे असते. प्रश्न अगदी योग्य आहे. पण तो फक्त उंच धरणालाच विचारायचा! सहा मीटरच्या बांधाखाली दहा घरे असली तरी तो त्या यादीत येत नाही. १९८५ च्या भारतीय मानकात ‘लहान’ धरणसुद्धा साडेसात मीटरपासून सुरू होते. त्याच मानकात असेही आहे, की खाली धोका जास्त असेल तर मोठ्या पुराचा हिशेब धरावा. म्हणजे उंचीपेक्षा माणसे मोठी, हे इंजिनिअर लोकांना ठाऊक आहे.

यादीत नाव असले म्हणजे भागले, असेही नाही. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण सरकारी होते, मातीचे होते, उंचही होते. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि भेंदवाडीतली माणसे झोपण्याआधीच वाहून गेली. मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला. खेकडे बीळ करतात हे खारपट्टीतले पोरही सांगेल; म्हणून तर बांधावर रोज फेरी मारायची असते.

भगिनींनो, ही फेरी तुम्हीच मारता. धुणे धुवायला, लाकूडफाट्याला, गुरांमागे तुम्ही बांधावरून जाता. बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरत असेल तर त्याचा रंग बघा. नितळ पाझर असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहते आहे, मग वेळ घालवू नका, आधी मुलाबाळांना, म्हाताऱ्यांना उंचावर न्या. माथ्यावर भेग, उतारावर खचलेली जागा, कोरड्या दिवसांत हिरवा ओला पट्टा, मोठ्या झाडाचे मूळ, उंदराचे-खेकड्याचे बीळ, सांडव्यात अडकलेला पालापाचोळा, हेही बघा. मातीचे धरण माथ्यावरून पाणी वाहू लागले की फार वेळ टिकत नाही. सांडवा मोकळा असणे म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे.

सरकारी मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते, दोषांची प्रतवारी लावली जाते. देशाच्या पाण्याचे काम बघणारा केंद्रीय जल आयोग १९४५ साली सुरू झाला, तेव्हा मजूरमंत्री बाबासाहेब होते. ती तपासणी खाजगी बांधाला कायद्याने लागत नसेल, तर ग्रामसभेत ठराव मांडा: बांध कुणाचा, किती उंच, खाली किती घरे, सांडवा कुठे. ठरावाची प्रत तहसीलदारांना द्या आणि पोच घ्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यांनाही एक प्रत पाठवा. हे सारे मे महिन्यात करा. जूनमध्ये ओढा भरल्यावर बांधाला हात लावायला कुणी धजत नाही.