दुःखाचा सत्कार बंद करा

‘दुःखातूनच खरी कला जन्माला येते.’ हे वाक्य मी इतक्या स्टेटसवर वाचलंय, की ते दिसलं की अंगठा आपोआप पुढे सरकतो. वाक्य गोड आहे. पण खोटं आहे, आणि आमच्या भागात राहून ते ऐकलं की रागही येतो.

आमच्याकडे, म्हणजे बोईसर-डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, याला पुरावा म्हणून जिव्या सोमा मशेंची गोष्ट सांगतात. जन्म १९३४चा. सात वर्षांचा असताना आई गेली आणि पोराची वाचाच बसली. पुढे कितीतरी काळ तो बोलत नसे. सांगायचं ते धुळीत रेघा ओढून सांगायचा. हाच मुलगा वारली चित्रकलेचं जगभर पोचलेलं नाव झाला. २०११ साली पद्मश्री, २०१८ साली निधन. गोष्ट सांगणारा इथे हात जोडतो: बघा, दुःखाने केवढा कलावंत घडवला!

दुःखाने? तेव्हा पाड्यापाड्यांवर आई गमावलेलं हे एकच पोर होतं का? दुःखाने त्याचं बोलणं काढून घेतलं, एवढंच दुःखाचं काम. धुळीत बोट त्याने घातलं. आणि पुढे काढलं काय, तेही बघा. मासेमारीचं जाळं, भाताची कामं, तारप्याभोवती फेर धरलेली माणसं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस झाला, आणि तो माणूस सारखा कशात तरी गुंतलेला. रडगाणं शोधत बसाल तर डोळे दुखतील.

मशेंच्या आधी ही चित्रं बायकांची होती. लग्न ठरलं की सवाशिणी घराच्या गेरूच्या भिंतीवर चौक लिहीत. तांदळाच्या पिठात बुडवलेली बांबूची काडी, मधोमध पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, वरात. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावायची. आता हे लग्न व्हायचं कशावर? कर्जावर. जमीनदाराकडून लग्नापुरते पैसे उचलायचे आणि बदल्यात नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं, अनेकदा जन्मभर. अशा माणसाला नावच होतं, लग्नगडी. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचा, मग कळेल. ज्या लग्नाने माणूस गहाण पडणार, त्याच लग्नासाठी भिंतीवर चौक! या दोन गोष्टी डोक्यात पहिल्यांदा जुळल्या तेव्हा मी फोन उपडा ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो.

उद्या कोणी म्हणेल, वेठबिगारीने चौक घडवला. मग लावा जमीनदाराचा फोटो प्रदर्शनात, हार घालून.

दुसऱ्या बाजूचे माझे मित्र विचारतात, पिठाच्या रेघांनी लग्नगडी सुटला का? नाही सुटला. मे १९४५मध्ये झरीला वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. तरी लोक मागे हटले नाहीत, तेव्हा तो सुटला. पण मोर्चाला जाणाऱ्या बायका आणि चौक लिहिणाऱ्या बायका काही वेगवेगळ्या गावच्या नव्हत्या. ‘आधी पोट, मग चित्र’ हा क्रम बाहेरच्यांनी लावलेला. त्या घरांत पोटभर भात नव्हता, तरी तांदळाचं पीठ भिंतीवर जात होतं.

मग एवढा राग कशाला? कारण ज्यांच्या हातून दुःख येतं, त्यांना हे वाक्य फार सोयीचं आहे. तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या वाढीव अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली. एमआयडीसीतले स्फोट आणि नाल्यांचं रंगीत पाणी इथल्या कोणाला नवीन नाही. आता वाढवणला बंदर येतंय. एवढं सगळं घेतल्यावर कंपाउंडच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात तारपानाच काढायचा, आणि वर म्हणायचं की बघा, इथले लोक दुःखातही कसे सुंदर जगतात! नाचणाऱ्यांचं कौतुक, आणि नाचायच्या जागेचा विषयच नाही.

मीही यातून सुटलेलो नाही. आमच्या चाळीतल्या एका वहिनींचा नवरा कारखान्यातल्या अपघातात गेला. त्या स्वतः आता पॅकिंगला जातात. रात्रपाळी करून आल्या तरी दारात ठिपक्यांची रांगोळी काढूनच झोपतात. एकदा त्यांच्या दाराशी उभं राहून मी तेच वाक्य जरा साहित्यिक करून बोललो. दुःखाने तुम्हाला किती दिलं वगैरे.

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “भाऊजी, त्याने कुठे दिलं? ठिपके मी मोजतेय. आणि तुम्ही बोललात त्यात तेरावर होते की चौदावर, ते विसरले. जरा मागे सरका, पाय पडतोय.”